शालनबाईंचा गुरुवार

"उद्या कंपनीत ओटी आहे," शालनबाईंनी बुधवारी जेवताना सांगितलं. "सात ते सात."

ताटावरून कोणी मान वर केली नाही. नवरा साहेबराव भाकरी मोडत होते ते मोडत राहिले. मुलगा धम्मरत्न मोबाइलमध्ये होता. सून मिनल तेवढी म्हणाली, "मग मी उद्या वर्क फ्रॉम होम टाकते," आणि तिने जेवता जेवताच डाव्या हाताने मेसेज करून टाकला. अर्ध्या मिनिटात विषय मिटला.

शालनबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. खोटं बोलल्याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नव्हतं. ते इतकं सहज खपलं, त्याने त्यांचं टाळकं फिरलं होतं. कंपनीने ओव्हरटाइमला गुरुवार मागितला की या घरात सगळं जमतं. रजा निघते, मीटिंग पुढे ढकलली जाते, दुपारचा भात कोण लावणार तेसुद्धा ठरतं. तोच गुरुवार शालनबाईंनी स्वतःसाठी मागितला असता, तर? मैत्रिणींबरोबर एक दिवस हिंडायला जाते म्हटलं असतं, तर? ते त्यांनी म्हणून बघितलं होतं. एकदा नाही, तीनदा.

भोसरी, चिंचवड, चाकण या सगळ्या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. शालनबाई राहायच्या त्या चिखलीतली दुकानंही गुरुवारीच बंद. शालनबाई चाकणच्या एका कंपनीत एकवीस वर्षं इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसत होत्या. गाड्यांना लागणारे पितळेचे छोटे जोड त्यांच्यासमोर ट्रेमधून यायचे. एकेक उचलायचा, दिव्याखाली फिरवायचा, कडेवरून अंगठा न्यायचा. कापताना कडेला जी बारीक धार राहते तिला कारखान्यात बर म्हणतात. बर लागली की रिजेक्ट, नाही लागली की ओके. ओके मालाच्या पेटीवर सतरा नंबरचा शिक्का मारायचा. तो शिक्का त्यांचा. वर्षभराने गिऱ्हाइकाची तक्रार आली तरी सतरा नंबर कोण ते लगेच कळतं. एकवीस वर्षांत अशा तक्रारी दोनच आल्या होत्या, आणि त्या दोन्ही शालनबाईंना तारखेसकट पाठ होत्या.

धम्मरत्न आणि मिनल माणच्या आयटी कंपन्यांत होते, त्यांना शनिवार-रविवार सुट्टी. त्यांची पिंकी अडीच वर्षांची. पाळणाघर शेजारच्याच सोसायटीत होतं, पण तिथल्या पोरांच्या बहुतेक आया कारखान्यात जाणाऱ्या. गुरुवारी पोरं येतच नाहीत म्हणून ते पाळणाघर गुरुवारी बंद. मग मिनलची बाळंतपणाची रजा संपली त्या आठवड्यापासून शालनबाईंचा गुरुवार पिंकीचा झाला. कोणी बसून तसं ठरवलं नव्हतं. साहेबराव चार वर्षांपूर्वी रिटायर होऊन घरीच होते, पण पहिल्याच गुरुवारी ते म्हणाले होते, "मला लहान पोरांचं जमत नाही बुवा." झालं. तो कायदा झाला. ते सकाळी विहाराच्या वाचनालयात जायचे, पुस्तकांना नंबर टाकायचे आणि जेवायला यायचे.

नातीवर शालनबाईंचा जीव होता. पण जीव आहे म्हणून कोणी विचारायचंच नाही, असं कुठे असतं?

जुन्नर त्यांच्या डोक्यात साहेबरावांनीच घातलं होतं. विहारातल्या पुरुषांच्या अभ्यास सहलीबरोबर ते तीन वेळा जाऊन आले होते. आले की आठवडाभर सांगायचे. किती जुनं शहर आहे, दोन हजार वर्षांपूर्वी तिथे कसा व्यापार चालायचा, चारी बाजूंच्या डोंगरांत लेणी किती, एका अखंड दगडातला स्तूप केवढा. नाणेघाटाच्या टोकावर उभं राहिलं की खाली सगळं कोकण कसं पसरलेलं दिसतं. शालनबाई पोळ्या लाटत ऐकायच्या. एकदा त्या म्हणाल्या होत्या, "मलाही न्या की." त्यावर साहेबराव म्हणाले, "तुला कुठे चढवणार आहे?" एकवीस वर्षं त्या तिसऱ्या मजल्यावर पाण्याचे हंडे, सिलेंडर आणि हल्ली पिंकीलाही घेऊन चढत होत्या. लिफ्ट परवा-परवा झाली.

डिसेंबरात त्यांनी रीतसर सांगितलं, "पुढच्या गुरुवारी मी जुन्नरला जाईन म्हणते." मिनल म्हणाली, "जा ना आई, मस्त!" आणि बुधवारी रात्री म्हणाली, "आई, उद्या माझा रिव्ह्यू निघालाय, तेवढं बघाल ना?" जानेवारीत धम्मरत्नची टीम आउटिंग आली, लोणावळ्याला. तिसऱ्या खेपेला विहारात पाहुणे येणार होते आणि साहेबरावांना पन्नास माणसांच्या चहाचं बघायचं होतं. तिन्ही वेळा कोणी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

गुरुवारी सकाळी सव्वासहाला शालनबाई निघाल्या. साडीवर कंपनीचा निळा शर्ट, हातात डबा. चपला त्यांनी पिशवीत घालायच्या ठरवल्या होत्या, पण साहेबराव दाराशीच पेपर उघडून बसले होते. पस्तीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस. शॉपफ्लोअरवर चप्पल चालत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांच्यादेखत रॅकमधून चपला काढून पिशवीत कशा घालणार? शालनबाईंनी निमूटपणे सेफ्टी शूज पायात चढवले. पुढे लोखंडी टोपी असलेले काळे बूट, एकेक बूट किलोभर वजनाचा. डाव्या बुटाची लेस मागच्या महिन्यात तुटली होती, तेव्हा मिनलने आपल्या जुन्या स्पोर्ट्स शूजची पांढरी लेस काढून दिली होती. ती त्यांनी करकचून ओढली. पन्नाशी उलटलेली बाई एका दिवसासाठी शाळेतल्या पोरीसारखी लपून चालली होती.

साने चौकात तनुजा इको गाडी घेऊन उभी होती. ती शालनबाईंच्याच लाइनची लीडर, पस्तिशीची. गाडी नवऱ्याची, पण चालवायची ती. मागे कुसुमताई बसल्या होत्या. त्या पॅकिंगला. मूळच्या लातूरकडच्या, नवरा गेला त्याला नऊ वर्षं झाली.

शालनबाई आत बसल्या, शर्ट काढला, घडी करून पिशवीत कोंबला. कुसुमताईंचं लक्ष खाली गेलं.

"अगं माय! हे काय घालून आलीस?"

"बोलू नका."

"शालनमावशी," तनुजा आरशात बघत म्हणाली, "हेल्मेट घरीच राहिलं काय?"

"तनुजा, गाडी चालव."

मोशी गेली, चाकणचा चौक आला. एरवी या वेळेला कंपन्यांच्या बसेसनी तुंबलेला चौक मोकळा पडला होता. कंपनीकडे वळायचा रस्ता डाव्या हाताला दिसला आणि शालनबाईंचे पाय सवयीने उतरायच्या तयारीत आले. गाडी सरळ निघून गेली. खेड, मंचर, मग नारायणगावच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला द्राक्षांचे ढीग. कुसुमताईंनी उतरून दोन किलोंची पेटी घेतली, निवडून, प्रत्येक घड उलटा करून.

"पॅकिंगवाल्या बाईला गंडवणार आहे काय हा," त्या गाडीत बसताना म्हणाल्या. "खालचा थर वेगळाच भरला होता मेल्यानं."

तिघी हसल्या. शालनबाईही हसल्या. मग त्यांना वाटलं, बाहेर पडून हसल्याला किती दिवस झाले, आणि पुन्हा तोंड कडू झालं.

लेण्याद्रीच्या पायऱ्या तीनशेच्या आसपास. कुसुमताई पन्नास पायऱ्यांवर बसल्या, शंभरावर बसल्या. माकडं त्यांच्या पिशवीवर टपली होती. शालनबाई मात्र थांबल्या नाहीत. लोखंडी बूट दगडावर ठाक ठाक वाजत होते आणि उतरणारी माणसं वळून बघत होती. तुला कुठे चढवणार आहे. ठाक. तुला कुठे चढवणार आहे. ठाक. वर पोचल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि घामाने ब्लाउज पाठीला चिकटला होता. खाली नदी, पलीकडे जुन्नर गाव, त्याच्या मागे शिवनेरी, सगळं स्वच्छ उन्हात होतं.

कुसुमताई गणपतीच्या लेण्यात गेल्या. शालनबाई बाजूच्या चैत्यगृहात शिरल्या. आत गार होतं. दोन्ही बाजूंना खांबांची रांग, शेवटी स्तूप. त्यांनी हात जोडले, थोडा वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग डोळे उघडले, तर ते तपासायलाच लागले. खांब, वर कोरलेले प्राणी, छताच्या कमानी. त्यांनी खांबाच्या कडेवरून अंगठा नेला.

तनुजा मागून आली. "काय मावशी, ओके की रिजेक्ट?"

"मशीन नव्हतं, काही नव्हतं. छिन्नीनं केलंय हे," शालनबाई म्हणाल्या. "आणि आपला सीएनसी मशीनचा माल बघ."

तनुजाने मोबाइलवर काहीतरी शोधलं. "इथं लिहिलंय, जुन्नरच्या लेण्यांतल्या लेखांत कारागिरांच्या संघटनांची नावं आहेत. श्रेणी म्हणायचे. धान्यवाल्यांची होती, बांबूचं काम करणाऱ्यांची होती. कांस्यकारांची पण. म्हणजे आपलंच की, पितळवाले."

"बायकांचं काय लिहिलंय?"

"कुठल्या बायकांचं?"

"त्या पितळवाल्यांच्या."

तनुजाने खाली-वर सरकवून बघितलं. "यात तरी नाही काही."

"पोरं सांभाळत असतील," शालनबाई म्हणाल्या.

गणपतीच्या लेण्याबाहेर बूट-चपलांची रांग होती. कुसुमताईंनी हट्टाने ओढून नेलं म्हणून शालनबाईही तिथला मोठा दालनासारखा भाग बघून आल्या. त्या आत असताना तनुजाने बाहेर फोटो काढला. रंगीत चपला, सँडल, आणि मधोमध ते काळे लोखंडी बूट. खाली लिहिलं, सेफ्टी फर्स्ट. शालनबाई बाहेर आल्यावर तिने दाखवला.

"स्टेटसला टाकू?"

"चेहरा नाही ना कोणाचा?"

"कोणाचाच नाही. गावाचं नावही नाही."

शालनबाईंनी फोटो डोळ्यांजवळ धरून बघितला. एकवीस वर्षं बारीक खोट शोधणारे डोळे. "टाक," त्या म्हणाल्या.

फोटोच्या तळाशी पट्टी होती. कंपनीत कसलाही फोटो काढायचा, रॅकचा, पेटीचा, रिजेक्ट मालाचा, तर तो जीपीएस कॅमेऱ्यातूनच काढायचा असा नियम. खाली आपोआप नकाशा, पत्ता, तारीख, वेळ छापून येते. तनुजाचा अंगठा सवयीने त्याच कॅमेऱ्यावर गेला होता. आणि ती पट्टी रोज इतक्या वेळा बघायची सवय, की दोघींपैकी एकीलाही ती दिसली नाही. लेण्याद्री, तालुका जुन्नर, गुरुवार, अकरा बेचाळीस.

कुसुमताई प्रसादासाठी मागे थांबल्या, बाकी दोघी पुन्हा चैत्यात येऊन बसल्या. पाय मोकळे करून पाच मिनिटं झाली नसतील तोच फोन वाजला.

"आई, कुठे आहेस?" धम्मरत्न.

"कंपनीत."

"कंपनी लेण्याद्रीला कधी शिफ्ट झाली?"

शालनबाईंनी तनुजाकडे बघितलं.

"तनुजाताईंचं स्टेटस मिनलने बघितलं. मला स्क्रीनशॉट पाठवला. खाली पत्ता आहे, टाइम आहे. आणि बूट तुझे आहेत. एक लेस पांढरी आहे, आई."

तनुजाला शेजारी बसून सगळं ऐकू येत होतं. तिने मोबाइल काढला, फोटो बघितला आणि कपाळावर हात मारला.

"हो, जुन्नरला आलेय," शालनबाई म्हणाल्या.

"मग सांगायचं ना! खोटं कशाला बोललीस? तिकडे मिनलने वर्क फ्रॉम होम मॅनेज केलं, बाबा घरी अडकले. तुला ट्रिपला जायचं होतं तर कोणी नाही म्हटलं असतं का?"

"नाही," शालनबाई म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज चढला. "नाही म्हटलं नसतंत! कधीच म्हटलं नाहीत! डिसेंबरात नाही म्हटलं नाहीत, जानेवारीत नाही म्हटलं नाहीत! लोणावळ्याला गेलास तेव्हा मी घरीच होते ना?"

आवाज दगडावर आपटून मोठा होऊन परत आला. स्तूपापाशी फोटो काढणारं एक कुटुंब वळून बघायला लागलं. शालनबाईंनी फोन बंद केला.

"मावशी, माझी चूक झाली," तनुजा म्हणाली.

"झालीच," शालनबाई म्हणाल्या. "आणि मी ओके केला तो फोटो. माझाच शिक्का त्याच्यावर."

कुसुमताई प्रसादाचं खोबरं घेऊन आल्या. त्यांना सगळं सांगेपर्यंत दुसरा फोन आला. या वेळी साहेबराव.

"शालन, ये बाई घरी. पोरीचं अंग तापल्यासारखं लागतंय."

शालनबाई उठून उभ्या राहिल्या. राग कुठच्या कुठे गेला. "कधीपासून?"

"आताच बघितलं. हाताला गरम लागतंय."

"थर्मामीटर लावला का?"

"नाही. पण लागतंय ना गरम."

"लागतंय चालत नाही. मोजून सांगा."

"ते यंत्र कुठे असतं?"

"फ्रिजवर. निळ्या डबीत. काखेत लावा, वाजेपर्यंत काढू नका. आणि आकडा सांगा मला, अंदाज नको."

फोन ठेवला. कुसुमताईंनी पिशवी उचलली होती.

"चल, निघू. नाणेघाट राहू दे. डोंगर कुठं पळून जातो?"

"थांबा."

"अगं, पोरीला ताप हाय म्हनतेत."

"ताप आहे असं कोणी मोजलेलं नाही."

"शालन, किती ताणशील? घरात चार माणसं विचारणारी हायेत तुला, तेच लई झालं. मला बघ. मी आज रात्री गेलेच नाही घरी, तर सकाळपर्यंत कोणाला कळायचं नाही."

तनुजाने खाली बघितलं. शालनबाई कुसुमताईंकडे वळल्या. मग त्या म्हणाल्या, "कुसुमताई, तुमचं दुःख आहे ते आहेच. पण मला कोणी विचारत नाही हो. मी कुठे आहे ते विचारतात. मी कशी आहे ते नाही विचारत." आणि लगेच, "तुम्हाला जायचं तर जा खाली, गाडीत बसा. मी आकडा आल्याशिवाय हलणार नाही."

"मी कुठं एकटी जाते, माकडं खातील मला," कुसुमताई रागावून पिशवीसकट खाली बसल्या.

तिघी दगडावर बसून राहिल्या. शालनबाईंच्या डोळ्यांपुढे पिंकीचं तापलेलं तोंड येत होतं. ताप असला तर त्या तिथून धावत उतरल्या असत्या, अनवाणीसुद्धा. सहा मिनिटांनी फोन वाजला.

"अठ्ठ्याण्णव पॉइंट चार," साहेबराव म्हणाले.

"पुन्हा सांगा."

"अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. मिनलनेही बघितलं. म्हणजे तसा ताप नाही. खिडकीतल्या उन्हात खेळत बसली होती, त्याने असेल." मग जरा घुटमळून, "पण तू निघतेस ना?"

"सात वाजता येते," शालनबाई म्हणाल्या. "सात ते सात सांगितलं होतं."

त्यांनी फोनचा आवाज बंद केला, तो कंपनीच्या शर्टाच्या खिशात घातला आणि शर्ट पिशवीच्या तळाशी ढकलला.

नाणेघाटाला पोचायला दोन वाजून गेले. गाडीत कुसुमताई फुगून बसल्या होत्या, पण घाटघरच्या पुढे त्यांनीच पेटीतला एक घड निवडून शालनबाईंच्या मांडीवर ठेवला. तो दगडी रांजण बघितला, जकातीचे पैसे ज्यात टाकायचे असं सांगतात तो. खाली उतरून लेणं बघितलं. भिंतीभर अक्षरं, कोणाला न कळणारी. एक मास्तर चार-पाच जणांना समजावून सांगत होते, त्यांच्यामागे या तिघी उभ्या राहिल्या. हा लेख सातवाहनांच्या एका राणीचा, मास्तर म्हणाले. तिने केलेले यज्ञ, दिलेली दानं, सगळं यात लिहून ठेवलेलं आहे.

"राणीचा?" शालनबाईंनी मोठ्याने विचारलं.

"हो, राणीचा."

साहेबराव इथे तीन वेळा येऊन गेले होते. रांजण सांगितला, जकात सांगितली, व्यापारी, बैलांचे तांडे, सगळं सांगितलं. राणीचं एकदाही बोलले नव्हते.

टोकावर वारा होता. शालनबाई कड्याच्या अलीकडे बसल्या, बुटांच्या लेसा सोडल्या, पाय बाहेर काढले. टाचेला फोड आला होता. खाली धुरकट निळसर कोकण पसरलं होतं, आणि ते खरंच साहेबरावांनी सांगितल्यासारखं होतं, त्याहून थोडं जास्तच. कोणी पाणी मागितलं नाही. कोणी आई म्हटलं नाही. त्यांनी डब्यातली भाकरी खाल्ली, तनुजाची चपाती खाल्ली, आणि अर्धा तास काही केलं नाही. राग गेला नव्हता. तो शेजारी बसला होता, पण त्या अर्ध्या तासापुरता तो त्यांना काही करायला लावत नव्हता.

सात वाजून दहा मिनिटांनी त्यांनी बेल दाबली. दार मिनलने उघडलं.

"आलात?" एवढंच ती म्हणाली.

धम्मरत्न सोफ्यावर तयारच बसला होता. "आई, मला फक्त एवढंच म्हणायचंय—"

"आधी बूट काढू दे."

शालनबाई स्टुलावर बसल्या. आधी पांढरी लेस सोडली, मग काळी. तेवढ्यात आतून "आजी" करत पिंकी धावत आली आणि मांडीवर आदळली. शालनबाईंनी कपाळाला हात लावला, कानामागे लावला. गार. तोंड धुतलेलं, पावडर लावलेली, फ्रॉक बदललेला. केसांच्या दोन शेंड्या बांधलेल्या.

"जेवली का नीट?"

"वरण-भात जेवली," मिनल म्हणाली. "बाबांनी भरवला. मी साडेबारापासून कॉलवर होते ते पाचपर्यंत. झोपवलंही त्यांनीच. शेंड्यासुद्धा त्यांनीच बांधल्या." तिला त्याचं नवल वाटत होतं आणि आता वातावरण निवळेल अशी आशाही असावी.

साहेबराव आतल्या दारात उभे होते. थोडे लाजत, थोडे खुशीत. "काही अवघड नाही गं. गोष्ट सांगितली की झोपते आपली आपण."

शालनबाईंनी पिंकीचं डोकं उजेडाकडे वळवलं. भांग सरळ होता. दोन्ही शेंड्या एका उंचीवर. रबर घट्ट, पण केस ओढले गेलेले नव्हते. त्यांनी भांगावरून अंगठा नेला. कुठेही खोट नव्हती.

"मला लहान पोरांचं जमत नाही," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कोण म्हणालं होतं असं?"

साहेबराव हसले. "ते तेव्हा म्हणालो असेन. वेळ आली की जमतं माणसाला."

"वेळ दोन वर्षं येत होती. दर गुरुवारी येत होती."

"आई, आता चांगलंच झालं ना सगळं?" धम्मरत्न म्हणाला. "पिंकी मजेत राहिली, बाबांना जमलं. मग चिडतेस कशाला?"

"चांगलं झालं म्हणूनच चिडलेय!" शालनबाईंचा आवाज दुपारसारखाच चढला. पिंकी दचकली तशी त्यांनी तिला छातीशी धरली, पण आवाज उतरवला नाही. "हिला ताप आला असता, ही उपाशी राहिली असती, तर मी आल्या आल्या तुमची माफी मागितली असती. मला वाटलं असतं, खरंच माझ्यावाचून अडतंय यांचं. काही अडत नव्हतं! शंभर गुरुवार काही अडत नव्हतं, आणि एकानेही मला सांगितलं नाही!"

मिनलने साहेबरावांकडे बघितलं. साहेबरावांनी धम्मरत्नकडे.

"पुढच्या गुरुवारी मी आहे," शालनबाई म्हणाल्या. "त्याच्या पुढच्या गुरुवारी नाही. कुठे जाणार ते ठरलेलं नाही. कदाचित त्या खोलीत दार लावून झोपेन. पण नाही म्हणजे नाही. आणि ओटी असली तरच ओटी म्हणेन."

"ठीक आहे, आई," मिनल हळूच म्हणाली.

साहेबराव थोड्या वेळाने जवळ आले. "नाणेघाटला गेलीस का?"

"गेले. तिथे राणीचा लेख आहे. तीन वेळा जाऊन आलात, कधी बोलला नाहीत."

"हो, आहे ना," ते म्हणाले. "तुला त्यात काय गोडी असणार, असं वाटलं."

शालनबाईंनी पिशवीतून उरलेली द्राक्षं काढली, धुतली आणि पिंकीला मांडीवर घेऊन खायला बसल्या. साडेसात झाले. पावणेआठ झाले. या वेळेला रोज तवा चढलेला असायचा. धम्मरत्नने एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं, एकदा आईकडे. मिनल उठू की नको अशी बसली होती. शालनबाई एकेक द्राक्ष दोन बोटांत धरून, फिरवून बघत पिंकीच्या तोंडात घालत होत्या.

शेवटी साहेबराव आत गेले. डबे सरकवल्याचा आवाज आला. एक झाकण खाली पडलं.

"शालन," त्यांनी आतून विचारलं, "पिठाचा डबा कुठला गं?"

"शोधा," शालनबाई म्हणाल्या.